डाव्या टर्बोचं गाणं

बत्तीस वर्षं मी हवेवर पोट भरलं. लग्नाच्या पंगतीत हे वाक्य टाकलं की शेजारचा पाहुणा हमखास विचारतो, "म्हणजे पंक्चर काढता का?" आणि मग मठ्ठा येईपर्यंत मला बोलायला विषय मिळतो.

नगरच्या एमआयडीसीत, मोठ्या रस्त्यापासून दोन वळणं आत, पत्र्याच्या शेडमध्ये मी टर्बो दुरुस्त करतो. पाटीवर अजून अहमदनगरच आहे. अहिल्यानगर करायला रंगारी दर महिन्याला येतो म्हणतो आणि येत नाही. त्याची घाई मलाही नाही, कारण पाटी कुणी वाचतच नाही. चहाच्या टपरीवर 'टर्बोनाना' म्हटलं की माणूस कपासकट हात करून दिशा दाखवतो.

संपादकांचा निरोप आला, "धंद्यातले अनुभव लिहा नाना, पण खरे लिहा." ही दुसरी अट त्यांनी का घातली ते मला ठाऊक आहे. त्यांच्या जीपचं काम चालू असताना मी त्यांना श्रीगोंद्याच्या ट्रॅक्टरची गोष्ट सांगितली होती. त्या ट्रॅक्टरचा टर्बो मी असा बांधला होता की त्यानं मालकाच्या डोक्यावरची टोपी ओढून घेतली, आणि ती दौंडच्या रेल्वे फाटकाजवळ सायलेन्सरमधून बाहेर पडली, इस्त्री होऊन. संपादक त्या दिवशी हसले होते, पण हिशेब ठेवून होते असं दिसतं.

तर आता मी थकलोय. गुडघे थकलेत, वेल्डिंगच्या ठिणग्यांनी चाळण झालेला डावा हात थकलाय, आणि टोप्या उडवूनही थकलोय. म्हणून ही एकच गोष्ट सांगतो. हिच्यात टोपी नाही.

आधी टर्बो म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. इंजिन म्हणजे चूल समजा. चूल पेटायला फुंकणी लागते. टर्बो ही अशी फुंकणी की जिला फुंकायला माणूस लागत नाही. चुलीचाच धूर बाहेर जाता जाता एक पंखा फिरवतो. त्या पंख्याच्या दांड्याला दुसऱ्या टोकाला आणखी एक पंखा असतो, तो बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतो. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त, म्हणून ताकद जास्त. हा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत मिनिटाला लाखभर फेरे घेतो. तुम्हाला वाटेल नाना सुरू झाले. पण आयुष्यात हा एकच आकडा असा भेटला की जो मला वाढवून सांगावा लागला नाही.

तेल हेच सगळं. तेल आलं नाही की तो दांडा स्वतःलाच खातो. म्हणून आमच्याकडचा पहिला नियम, कोरडा टर्बो फिरवायचा नाही. आणि हा नियम मी बत्तीस वर्षं रोज मोडत आलो.

त्याचं असं झालं. सुरुवातीला ट्रकवाले दुरुस्त केलेल्या टर्बोवर विश्वास ठेवायचे नाहीत. उघडून दाखवला तरी त्यांना काय कळणार. मग एक दिवस मी टर्बो व्हाइसच्या शिकंज्यात धरला, दोन थेंब तेल सोडलं आणि एअरगननं पंख्यावर हवेचा एक फुर्रका मारला. पंख्यानं अशी शिट्टी घातली की ड्रायव्हरनं हात जोडले. तेव्हापासून प्रथाच पडली. माझ्या शेडमधून टर्बो गाणं म्हटल्याशिवाय बाहेर पडायचा नाही. गिऱ्हाईक नारळ घेऊन यायचं, मी फुर्रका मारायचो, टर्बो गायचा, नारळ फुटायचा. एका बोअरवेलवाल्यानं ती शिट्टी मोबाईलमध्ये भरून घेतली आणि फोनच्या रिंगला लावली. त्याच्या घरी सासूचा फोन आला की गल्लीतली कुत्री पळायची.

हे बरोबर नाही हे मला कळत होतं. पण ट्रकचे जुने टर्बो बैलासारखे, सोसून घेणारे. दोन सेकंदांच्या गाण्यानं त्यांचं काही बिघडलं नाही.

त्या गाण्यामुळे माझ्या कानाचं नाव झालं. मी शिट्टी ऐकून सांगायचो, हा सहा महिने जाईल, हा दोन वर्षं. आधी अंदाज असायचा, मग सवय झाली, मग खरंच कळायला लागलं. पाथर्डीच्या घाटात अडकलेला ड्रायव्हर फोन इंजिनाजवळ धरायचा आणि मी इथून सांगायचो, पाइप सुटलाय, क्लिप आवळ. शेडच्या दुसऱ्या अर्ध्यात इस्माईलभाईचं लेथ आहे. पहिल्या दिवसापासून तो भागीदार. तो गिऱ्हाइकांना म्हणायचा, "नानाच्या तोंडावर जाऊ नका, कानावर जा."

साळवे सर आले तेव्हा मला वाटलं शाळेची वर्गणी मागायला आले. पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. मिशनच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे, आता निवृत्त. त्यांच्या मागे टेम्पो उभा होता, टेम्पोवर ताडपत्री, आणि ताडपत्रीखाली तहसीलदाराची वाटावी अशी एक पांढरी, जुनी, परदेशी बनावटीची सेडान. सरांनी बॉनेट उघडलं आणि मी गप्प झालो. इस्माईलभाई म्हणतो, पूर्ण चार मिनिटं. त्यानं घड्याळ लावून मोजली होती.

सहा सिलिंडरचं इंजिन, तीन डावीकडे आणि तीन उजवीकडे. कंपनीनं गाडी दिली तेव्हा तिच्यात टर्बोच नव्हता. सरांनी बाहेरून दोन टर्बोंचं किट मागवलं होतं आणि दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत घरामागच्या पत्र्याखाली स्वतः बसवलं होतं. माणसाला जशा दोन नाकपुड्या तसे दोन टर्बो, दोन्ही बाजूंना एकेक. एकेक पाइप इतका सुबक वाकवलेला की मला माझ्या वेल्डिंगची लाज वाटली.

"ही रस्त्यावर चालवायची परवानगी नाही," सर म्हणाले. "म्हणून टेम्पोवर आणली."

त्या माणसानं ती गाडी घराच्या फाटकापर्यंतसुद्धा कधी चालवली नव्हती. ढकलत आणायची आणि टेम्पोवर चढवायची. दोन जिल्हे पलीकडे एक बंद पडलेली विमानपट्टी आहे, तिथे वर्षातून एकदा हौशी लोक वेळ लावून गाड्या पळवतात. तेवढ्याच दिवशी तिची चाकं स्वतःच्या जोरावर फिरायची. आणि ती पळवायची सरांची मुलगी, रूथ. पस्तिशीतली, बँकेत अधिकारी. बोलणं असं की पासबुक छापून देतेय असं वाटावं, हळू आणि नीट. पण तिनं बॉनेटमध्ये पाहत मला विचारलं, "नाना, शेवटच्या पाव मैलात हिचा दम संपतो. का?" तेव्हा मला कळलं की हिला गाडी कळते.

कारण सोपं होतं. किटातले टर्बो लहान होते. लहान फुंकणी लवकर पेटवते, पण मोठ्या जाळाला पुरत नाही. सरांनी त्यावरचा उपाय आधीच मागवून ठेवला होता. पेटीत दोन मोठे टर्बो, बॉल बेअरिंगवाले. यांचा दांडा नुसत्या तेलावर तरंगत नाही, बारीक गोळ्यांवर फिरतो. त्याला तेल कमी लागतं, पण नेमकं लागतं. जोड जुळवायला नव्या लोखंडी चकत्या म्हणजे फ्लँज, तेलाच्या वाटेत बारीक भोकाची टोपणं, तेल परत जायला सरळ उताराचा पाइप, हे सगळं इस्माईलभाईनं आणि मी करायचं. शेवटी पुण्याहून ट्यूनर येणार, तो लॅपटॉपवर इंजिनाला नवीन हवेची सवय लावणार.

आणि घाई होती. रूथची बदली आली होती, आसामात. नाताळच्या आधी रुजू व्हायचं होतं. त्या वर्षीची पट्टीवरची धाव दिवाळीनंतरच्या रविवारी. पुढच्या वर्षी ती येऊ शकेल की नाही याची खात्री कुणालाच नव्हती. सर हे सगळं सांगताना पेनाचं टोपण काढत होते आणि लावत होते.

जाताना त्यांनी मला दोन फुलस्केप कागद दिले. टर्बोच्या पेटीतलं माहितीपत्रक परदेशी भाषेत होतं. सरांनी ते रात्री बसून मराठीत उतरवलं होतं. वळणदार अक्षर, क्रमांक घातलेल्या सूचना, महत्त्वाच्या शब्दांखाली लाल रेघ. मी "व्वा सर" म्हटलं आणि कागद खिळ्याला अडकवून टाकले. बत्तीस वर्षं टर्बो खोलणाऱ्या माणसानं सूचना वाचायच्या म्हणजे सुगरणीनं तांदळाच्या पिशवीवरची कृती वाचायची.

दोन आठवडे आम्ही काम केलं. इस्माईलभाईनं फ्लँज असे घासले की त्यात तोंड दिसावं. गुरुवारी दुपारी टर्बो चढवायचे होते. उजवा टर्बो चढला. डावा मी पेटीतून काढला आणि नेमके तेव्हाच बापूराव आले.

बापूराव श्रीगोंद्याचे. त्यांचे तीन ऊस तोडायचे हार्वेस्टर, त्यांचे टर्बो दर दिवाळीला माझ्याकडे, कारण गाळप सुरू झालं की त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो. सोबत आणखी दोघे हार्वेस्टरवाले. तिघे माझ्या हातातल्या चकचकीत टर्बोकडे पाहत होते.

"इवलासाच हाय की," बापूराव म्हणाले. "नाना, ह्यो गातो का न्हाई? का नुस्ता नटवा हाय?"

आता इथे शहाण्या माणसानं हसून सोडून दिलं असतं. मी टर्बो व्हाइसमध्ये धरला. दोन थेंब तेल सोडलं, एअरगन घेतली, म्हटलं ऐका.

फुर्रका मारला. पंखा फिरला, फिरता फिरता दिसेनासा झाला. शिट्टी काही आली नाही. मला वाटलं, हवा कमी पडली असेल. मी कळ दाबून धरली. पंखा चांदीच्या ताटलीसारखा दिसत होता, आणि गाणं नाही. आणखी जवळ धरली. बापूरावांनी तोंड वाकडं केलं. त्यांच्या सोबत्यानं कानात बोटं घातली. माझी थट्टा चाललीय असं मला वाटलं, म्हणून मी आणखी दाबली. तीनही माणसं मागे सरकली, दारातली शेळी बाहेर पळाली, आणि मी मात्र मनात त्या परदेशी कंपनीला शिव्या देत होतो की एवढा डौल, आणि आवाज नाही.

एअरगन एकदम मेली. मागे वळलो तर इस्माईलभाई. त्यानं कॉम्प्रेसरची नळीच उपसून हातात धरली होती. त्याचे ओठ हलले, मग जवळ येऊन तो मोठ्यानं बोलला.

"नाना, कान फुटले आमचे. काय करतोयस?"

"गातच नाही तो."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. बापूराव हसायच्या बेतात होते, ते थांबले.

"अरे, सुरुवातीपासून किंचाळतोय," इस्माईलभाई म्हणाला.

मी पंखा बोटानं फिरवला. नवीन बॉल बेअरिंग लोण्यासारखं फिरतं. हा फिरताना बोटाला काहीतरी लागत होतं, साखरेचा एखादा कण अडकावा तसं. मी पुन्हा फिरवला, पुन्हा कण. मी बापूरावांना म्हटलं, झकास आहे. त्यांचे टर्बो दिले. त्यांनी नेहमीसारखं गाणं मागितलं, मी म्हटलं आज कॉम्प्रेसर बिघडलाय. ते गेल्यावर इस्माईलभाई लेथजवळ बसून राहिला.

"किती दिवस?" मी विचारलं.

"दोन वर्षं झाली. बारीक आवाज तुला येतच नाहीत, ट्रकच्या टर्बोची जाड शिट्टी तेवढी येते. मी ओरडून बोलतो, तर तुला वाटतं माझा स्वभाव बिघडला."

खरंच मला तसं वाटायचं. मी घरी बायकोला सांगायचो, वय झालं की माणूस तापट होतो, बघ इस्माईलभाईचं.

आता पुढचं लिहिताना मला टोपीची गोष्ट सांगावीशी वाटतेय. पण लिहितो. मी तो टर्बो बसवला. इस्माईलभाई नको म्हणाला. मी म्हटलं, नवा टर्बो आहे, कण बसेल, तीन दिवसांनी धाव आहे, बाहेरून दुसरा यायला तीन महिने लागतील, तोवर रूथ आसामात. सगळं खरं होतं. एवढी खरी कारणं एका दमात मी आयुष्यात दिली नव्हती. जे खरं कारण होतं तेवढंच मी बोललो नाही. मला सरांना सांगायचं नव्हतं की टर्बोनानाला ऐकू येत नाही.

शुक्रवारी पुण्याचा ट्यूनर आला. लॅपटॉप मांडला, गाडी चालू केली, शेडच्या पत्र्यांना थरथर सुटली. ती थरथर मला कळते, ती छातीत येते. रूथ चालकाच्या जागेवर होती. तिनं जरा पाय दिला. सरांनी मान डावीकडे कलती केली. आणखी जरा पाय दिला, सरांची मान आणखी कलती. मग ते माझ्याकडे आले.

"नाना, डावीकडून काही ऐकू येतंय का?"

मी लांब स्क्रूड्रायव्हर घेतला. त्याचं टोक टर्बोच्या अंगाला आणि मूठ कानाला, ही आमची जुनी रीत, डॉक्टरच्या नळीसारखी. मी डोळे मिटले. बत्तीस वर्षं मी असाच डोळे मिटून उभा राहिलोय आणि माणसं माझ्या तोंडाकडे पाहत राहिलीयत. आत घरघर होती, गरम धूर होता, आणि त्यावर जिथे शिट्टी असायला हवी तिथे नुसतं पांढरं काहीतरी होतं, न छापलेल्या कागदासारखं.

"मला काही ऐकू येत नाही, सर," मी म्हणालो.

बघा, खोटं एक अक्षरही नाही. सर समाधानानं मागे झाले. "मग मलाच भास झाला असेल," ते रूथला म्हणाले. "नानांचा कान आहे." ज्या माणसाला ते कर्कश ऐकू येत होतं, त्यानं ज्याला येत नव्हतं त्याच्यावर विश्वास ठेवला. इस्माईलभाई लेथ बंद करून बाहेर जाऊन उभा राहिला.

ट्यूनरनं हळूहळूच चढवायचं ठरवलं होतं, बाकीचं पट्टीवर करू म्हणाला. बाराच्या सुमाराला सगळे गेले. गाडी शेडमध्येच, टेम्पो शनिवारी येणार. मी डबा उघडला, जेवण जाईना. उगाच काहीतरी हातात हवं म्हणून खिळ्यावरचे कागद काढले.

पहिली सूचना, पेटी स्वच्छ जागी उघडावी. दुसरी, तेल कोणतं. असं खाली खाली जात अकरावी. 'टर्बोच्या पंख्यावर दाबाची हवा कदापि मारू नये. कोरडे बेअरिंग क्षणात निकामी होते.' 'कदापि'खाली लाल रेघ. मूळ पत्रकात तिथे एअरगनचं चित्र काढून त्यावर फुली मारलेली असावी, कारण सरांनी कंसात 'चित्र पाहा' असं लिहिलं होतं. आणि त्याखाली बारावी. 'शंका असल्यास थांबावे. गाडी रूथ चालवणार आहे.'

ही बारावी कुठल्या कंपनीनं छापलेली नव्हती.

टर्बो पूर्ण वेगात असताना बेअरिंग गेलं तर काय होतं ते मी ट्रकांत पाहिलंय. पंखा भिंतीला घासतो, तुकडे इंजिनात जातात, तेल लालबुंद पाइपावर सांडतं आणि बॉनेटखाली जाळ होतो. ट्रक घाट चढताना तीसच्या वेगात असतो, ड्रायव्हर उडी मारतो आणि उसाच्या शेतात बसून मला फोन करतो. पट्टीवर रूथ तीसच्या वेगात असणार नव्हती.

मी स्कूटर काढली आणि सरांच्या घरी गेलो. जुन्या मिशन कंपाउंडच्या मागे, कौलारू घर, अंगणात चिंच. सर आणि रूथ दोघेही होते. चहा आला. आणि इतकं ठरवून गेलो असून मला सरळ सुरुवात करता येईना. तोंडाला लागलेली सवय. मी म्हणालो, "सर, काल मी तुमचा डावा टर्बो असा गायला लावला की शेळी पळाली ती थेट सुप्याला जाऊन थांबली."

सर हसले. मी म्हणालो, "खरंच मारली हवा. बेअरिंग गेलंय."

सर आणखी हसले. रूथसुद्धा हसली. "पप्पा म्हणतच होते, नाना घरी येऊन एखादी ऐकवल्याशिवाय राहणार नाहीत," ती म्हणाली.

बत्तीस वर्षांत पहिल्यांदा खरं सांगत होतो, आणि माणसं बशी सावरत हसत होती. मी पुन्हा सांगितलं, अकरावी सूचना म्हणून दाखवली. सर म्हणाले, पण तुम्हीच ऐकलंत ना, काही आवाज नाही म्हणून.

मी कप खाली ठेवला. तेवढ्यात रूथ उठली आणि म्हणाली, "पप्पा, चार वाजले. गोळी घ्या."

मी सहज भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर घड्याळ नव्हतं, येशूचं चित्र होतं. रूथच्या हातातही घड्याळ नव्हतं. "तुला कसं कळलं गं, चार वाजले ते?" मी विचारलं.

सरांनी सावकाश डावा हात पुढे केला. मनगटावर शाळेपासूनचं काळं डिजिटल घड्याळ, दर तासाला टीं टीं करणारं. ते माझ्यापासून दीड हातावर वाजलं होतं. सरांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चाळीस वर्षं वर्गात उभं राहिलेल्या माणसाला कुठला मुलगा फळा दिसत नाही म्हणून गप्प बसलाय ते कळतं. त्यांचं हसू हळूहळू उतरलं.

"केव्हापासून?" त्यांनी विचारलं.

"भागीदार म्हणतो, दोन वर्षं."

रूथनं गोळी आणि पाणी आणून ठेवलं आणि माझ्यासमोर बसली, मला तोंड दिसेल अशी. "नाना, आता पहिल्यापासून सांगा," ती म्हणाली. "शेळी वगळून."

मी सांगितलं. सांगून झाल्यावर ते म्हणाले, "तुम्हाला ऐकू येत नाही ही चूक नाही. ऐकलं असं दाखवलंत, ती आहे." एवढंच. हातावर पट्टी मारली असती तर बरं वाटलं असतं.

शनिवारी सकाळपासून आम्ही चौघांनी नवे टर्बो उतरवून किटातले जुने परत चढवले. तेलाच्या वाटेतली बारीक टोपणं काढायला हवी होती, जुन्यांना तेल जास्त लागतं. ते इस्माईलभाईच्या लक्षात आलं, माझ्या नाही. ट्यूनरनं पुण्यात बसूनच इंजिनाचा जुना हिशेब पाठवला. रूथनं बाही वर करून प्रत्येक नट स्वतः आवळला.

रविवारी मीही पट्टीवर गेलो. बोलावलं नव्हतं, टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून गेलो. रूथनं गाडी सोडली तेव्हा छातीत थरथर आली आणि माझ्या पायाखालची खडी हलली. शेवटच्या पाव मैलात गाडीचा दम नेहमीसारखा संपला. वेळ मागच्या वर्षीचीच, यादीत नाव मधोमध. ती उतरली, हेल्मेट काढलं आणि बॉनेटवर हात ठेवला. सरांनी ताडपत्री उलगडायला घेतली. तिचं एक टोक मी धरलं, त्यांनी धरू दिलं.

डिसेंबरात रूथ आसामात गेली.

डावा टर्बो मी माझ्या खर्चानं पुन्हा मागवला. तो यायला तीन महिने म्हणता चार लागले. तोवर मी शेडमध्ये एक बदल केला. कॉम्प्रेसरची ती नळी कापून टाकली. आता टर्बो गात नाही. बापूराव हिरमुसले, म्हणाले, "नाना, गाणं न्हाई म्हंजी देवळात घंटा न्हाई." त्यांना मी खरं कारण सांगितलं, त्यांना ती माझी नवी बात वाटली, आणि ती त्यांनी श्रीगोंदाभर अशी काही पसरवली की आता तिकडे लोक म्हणतात, टर्बोनानानं एवढी हवा मारली की त्याचे कान उडून गेले. माझ्यापेक्षा चांगली सांगतात.

कानाला यंत्र लावलंय. माणसांची बोलणी येतात, बशा आदळतात, बायको म्हणते आता तरी माझं ऐकावं लागेल. पण टर्बोची ती बारीक शिट्टी यंत्रातून येत नाही. डॉक्टर म्हणाला, ती गेली ती गेली. आता मी बोटानं तपासतो. सूचनाही वाचतो, चष्मा लावून, पहिलीपासून.

मार्चमध्ये सर टेम्पो घेऊन आले. गाडी दुसरीकडे नेली असती तर मला समजलं असतं. पण आले, ताडपत्री काढली आणि म्हणाले, "तुमच्याच हातानं बसवा." दोन दिवसांत दोन्ही नवे टर्बो बसले, कोरडे न फिरवता, तेल भरून. ट्यूनरनं लॅपटॉप मांडला. चालकाच्या जागेवर बसायला कुणी नव्हतं, म्हणून मी बसलो. सीट रूथच्या मापाला सरकवलेली होती, मी ती तशीच ठेवली.

गाडी चालू केली. जरा पाय दिला. थरथर छातीत आली. खिडकीत सर आले, वाकले, आणि त्यांनी तोच प्रश्न विचारला, तितक्याच शांतपणे.

"नाना, डावीकडून काही ऐकू येतंय का?"

शेडमध्ये दोन गिऱ्हाइकं उभी होती, इस्माईलभाई होता, ट्यूनर होता. मी म्हणालो, "मला येत नाही, सर. तुम्ही ऐका." आणि लांब स्क्रूड्रायव्हर खिडकीतून त्यांच्या हातात दिला.

सर डावीकडे गेले. टोक टर्बोला, मूठ कानाला. माझ्यासारखे डोळे मिटले नाहीत त्यांनी, उघडेच ठेवले आणि काचेतून माझ्याकडे पाहत राहिले. मी पाय देत गेलो, ते ऐकत गेले. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली केला, शर्टाला पुसला आणि वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले,

"नाना, शांत आहे. बंद करा आता."